दहा मीटर एअर पिस्तूल: नेम सुधारताना खर्च आटोक्यात कसा ठेवावा

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलाच्या वैयक्तिक प्रकारात आणि सरबज्योत सिंगच्या जोडीने मिश्र प्रकारात कांस्यपदक जिंकले, तर कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये. तेव्हापासून ठाणे आणि नवी मुंबईत मुलांना घेऊन नेमबाजीच्या रेंजवर चौकशीला येणारे पालक आणि चाळिशीत नव्याने हा खेळ सुरू करू पाहणारे नोकरदार वारंवार भेटतात. त्यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: पिस्तूल कोणते घ्यावे, आणि महिन्याला खर्च किती येईल. नेम कसा सुधारेल हा प्रश्न पुष्कळ नंतर येतो.

माझ्या मते हे तिन्ही प्रश्न एकच आहेत. का झाडली आणि कुठे लागायला हवी होती हे सांगता येत नाही अशी प्रत्येक गोळी पैसाही खाते आणि चुकीची सवयही पक्की करते. पुढील टप्पे त्याच दृष्टीने लावले आहेत.

काहींना काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकीचे आकर्षण असते आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु तिला शस्त्र परवाना लागतो आणि काळी दारू स्फोटकांच्या नियमांखाली येते, त्यामुळे फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नवशिक्यासाठी ती सुरुवात होऊ शकत नाही. साइट म्हणजे नेम धरण्याच्या खुणा सरळ ठेवणे आणि चाप (ट्रिगर) स्वच्छ दाबणे ही दोन्ही प्रकारांना समान असलेली विद्या एअर पिस्तुलावर कितीतरी कमी खर्चात शिकता येते.

1. आधी रायफल की पिस्तूल हे ठरवा

रायफलसाठी जाड कॅनव्हासचे जॅकेट, पँट, विशेष बूट आणि हातमोजा लागतो. मूल वाढत्या वयाचे असेल तर हे कपडे पुन्हा शिवावे लागतात. पिस्तुलाला यातले काहीच लागत नाही. घोटा न झाकणारे, सपाट तळव्याचे बूट आणि नेम न धरणारा डोळा झाकायचे ब्लाइंडर एवढ्यावर काम भागते. हात मोकळा धरून दीड किलोपर्यंतचे वजन पेलणे मात्र सोपे नाही आणि पहिले काही महिने गुण रायफलवाल्यांपेक्षा हळू वाढतात. खर्चाची काळजी असेल आणि शिकणाऱ्याला संयम असेल, तर मी पिस्तूल सुचवेन. ज्याला स्थिर उभे राहण्याची उपजत आवड आहे त्याला मात्र केवळ पैशांसाठी रायफलपासून दूर ठेवू नये.

2. रेंज निवडताना काय पाहावे

पनवेलमध्ये ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. याखेरीज दोन्ही शहरांत शाळा, क्रीडासंकुले आणि खाजगी सभागृहांत लहान रेंज चालतात. नाव मोठे की लहान यापेक्षा घरापासूनचे अंतर महत्त्वाचे मानावे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याने खारघरची रेंज निवडली, तर ट्रान्स-हार्बर लोकलचा प्रवास आणि दोन्ही टोकांच्या रिक्षा यांतच संध्याकाळ जाते, आणि थकलेल्या हाताने केलेला सराव फारसा उपयोगी पडत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहा. प्रशिक्षक मुलांच्या मागे उभा राहून हाताकडे आणि बोटाकडे पाहतो, की फक्त स्क्रीनवरचे गुण पाहतो? ‘स्टॉप’ म्हटल्यावर सर्वजण खरोखर थांबतात का? पिस्तूल खाली ठेवल्यावर नळीत सेफ्टी फ्लॅग म्हणजे रंगीत दोरी घातली जाते का? हवा खेळती आहे का, कारण पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलात भरायच्या बारीक गोळ्या, शिशाचे असतात आणि टार्गेटमागच्या पेटीत शिशाची बारीक धूळ साठते. लक्ष्य कागदी असल्याने काही बिघडत नाही. उलट नवशिक्याला हातात घेऊन पाहता येईल असे कार्ड अधिक शिकवते.

क्लबच्या पिस्तुलावर किमान तीन महिने शिकता येईल का आणि त्याचे भाडे शुल्कात धरले आहे का, हे लेखी विचारून घ्या.

3. कागदपत्रे आणि कायदा

नोंदणीसाठी साधारणपणे पुढील कागद लागतात, ते एकाच फाइलमध्ये ठेवा:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- जन्मदाखला (वयोगट यावरून ठरतो)
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे
- अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे संमतिपत्र
- पासपोर्ट असल्यास त्याची प्रत
- क्लबची सदस्यत्व पावती

पुढे स्पर्धा खेळायच्या असतील, तर राज्य संघटनेमार्फत नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची नोंदणी करून शूटर आयडी घ्यावा लागतो. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे याची खात्री आधीच करा, कारण नावातली तफावत दुरुस्त करण्यात स्पर्धेची मुदत निघून जाते.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. खरेदी करताना ओळखपत्र द्यावे लागते आणि पक्के बिल घ्यावेच.

परवाना लागत नाही याचा अर्थ पिस्तूल कसेही नेता येते, असा अनेकजण घेतात. ही चूक महागात पडू शकते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आमच्या भागात वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात शस्त्रे बाळगून फिरण्याचा उल्लेख असतो. दिसायला एअर पिस्तूल हे पिस्तूलच असते. म्हणून ते कुलूपबंद पेटीत, रिकामे आणि सेफ्टी फ्लॅग घालून न्या. पेटीत बिलाची प्रत, ओळखपत्र आणि क्लबचे पत्र ठेवा. स्थानकावर तपासणी झाली तर पेटी स्वतः उघडू लागू नका. आधी तोंडी सांगा, कागद दाखवा, आणि सांगितल्यावरच कुलूप काढा.

4. खरेदीचा क्रम

पहिल्या महिन्यात ब्लाइंडर, सपाट बूट, एक जाड वही आणि पेलेटची एक डबी एवढेच घ्या. स्वतःचे पिस्तूल ही यादीतील शेवटची वस्तू आहे. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवर्कबाऊ किंवा पार्डिनीचे मॅच (स्पर्धेचे) पिस्तूल घ्यायचे म्हणजे घराच्या अंदाजपत्रकाला धक्का बसतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत त्या पिस्तुलाचा तुमच्या गुणांवर होणारा परिणाम फार थोडा असतो. ग्रिप मात्र तुमच्या पंजाच्या मापाची असायलाच हवी. क्लबच्या पिस्तुलाची मूठ मोठी वाटत असेल, तर प्रशिक्षकाला सांगून लहान मापाचे पिस्तूल मागा.

जुने पिस्तूल घेणे हा खर्च वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे, पण घेताना सर्वप्रथम हवेच्या सिलिंडरवरील तारीख वाचा. या सिलिंडरची मुदत साधारणतः उत्पादनापासून दहा वर्षे धरली जाते. दोनशे बार दाब भरलेली ती नळी असते, आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत अडवला जाऊ शकतो. विक्रेता ‘अजून हवा धरतो’ असे सांगेल. हवा धरणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या सिलिंडरची किंमत मागितलेल्या रकमेत मिळवा आणि मगच सौदा स्वस्त आहे की नाही ते ठरवा. त्यानंतर ट्रिगरचे वजन, म्हणजे चाप सुटायला लागणारा जोर, तपासा (नियमाप्रमाणे ते किमान 500 ग्रॅम असावे लागते) आणि मूळ बिल मागा. बिल नसेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

5. साइटचे गणित समजून घ्या

या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते आणि काळा भाग 59.5 मिलिमीटरचा. मागच्या साइटच्या खाचेत पुढच्या साइटचा दांडा बसतो, दोन्ही बाजूंना सारख्या पांढऱ्या फटी दिसतात आणि वरच्या कडा एका रेषेत येतात. या दोन साइटमधील अंतर साधारण 350 मिलिमीटर धरू. आता पुढची साइट खाचेत फक्त एक मिलिमीटर डावीकडे सरकली, तर दहा मीटरवर पेलेट सुमारे 28 मिलिमीटर डावीकडे जाईल. म्हणजे दहाच्या जागी सात.

याउलट, दोन्ही साइट एकमेकींशी अचूक जुळलेल्या आहेत, पण हात थरथरल्याने संपूर्ण पिस्तूल पाच मिलिमीटर डावीकडे गेले, तर पेलेटही पाचच मिलिमीटर डावीकडे जाईल. पेलेटची कड दहाच्या वर्तुळाला स्पर्श करते आणि गुण दहाच मिळतात.

नवशिक्या नेमके उलटे करतो. हात हलतो म्हणून घाबरतो, काळ्या गोलाकडे डोळे ताणून पाहतो आणि ‘आता बरोबर आला’ असे वाटताच बोट झटकतो. त्या झटक्याने साइट एक मिलिमीटर हलते आणि सात लागतात. हात हलणारच आहे, त्याला हलू द्या. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर ठेवा, इतकी की ती कड धारदार दिसेल आणि काळा गोल धूसर. धूसर गोल पाहून अस्वस्थ वाटते, पण तेच योग्य चित्र आहे.

साइट काळ्या गोलाच्या मध्यावर धरू नका. गोलाखालच्या पांढऱ्या भागात, गोलापासून थोडे अंतर ठेवून एक क्षेत्र ठरवा आणि त्या क्षेत्रात साइट फिरू द्या. काळ्यावर काळी साइट दिसत नाही, पांढऱ्यावर तिच्या कडा स्पष्ट राहतात.

6. चाप

बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर ठेवा आणि दाब सरळ मागे वाढवत न्या. उरलेली बोटे मुठीवरचा दाब बदलणार नाहीत, हे पाहा. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे पेलेट खाली डावीकडे गोळा होत असतील, तर बहुधा चाप ओढताना संपूर्ण मूठ आवळली जात आहे.

पिस्तूल वरून नेमाच्या क्षेत्रात खाली आणून स्थिर झाल्यावर सहा ते आठ सेकंदांत गोळी सुटली नाही, तर हात खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. ही सवय अंगी बाणायला वेळ लागतो, कारण हात खाली घेणे म्हणजे हार मानल्यासारखे वाटते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर साठ गोळ्यांना 75 मिनिटे मिळतात, म्हणजे प्रत्येक गोळीला सव्वा मिनिट. घाई करण्याचे कारणच नाही. गोळी सुटल्यावरही दोन सेकंद साइटकडेच पाहत राहा.

7. घरचा कोरडा सराव

पेलेट न भरता चाप दाबण्याच्या सरावाला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. यात पैसा खर्च होत नाही आणि साइट हलली की लगेच दिसते, कारण धक्का नसतो. बहुतेक मॅच पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते. तुमच्या पिस्तुलात ती कशी चालू करायची हे पुस्तिकेत पाहा.

फ्लॅटच्या हॉलमध्ये दहा मीटर मिळत नाहीत, त्याची गरजही नाही. भिंत चार मीटरवर असेल तर 24 मिलिमीटर व्यासाचा काळा गोल कापून पांढऱ्या कागदावर चिकटवा. तीन मीटरवर असेल तर 18 मिलिमीटरचा. डोळ्याला तो रेंजवरच्या गोलाएवढाच दिसतो. आठवड्यातून दोन दिवस गोल काढून टाका आणि नुसत्या कोऱ्या भिंतीसमोर सराव करा. समोर लक्ष्यच नसल्याने नजर आपोआप साइटवर राहते.

सुरक्षेचे नियम घरीही तेच. पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, नळीत पेलेट नाही याची दोनदा खात्री करा, आणि दार किंवा खिडकी ज्या दिशेला आहे तिकडे पिस्तूल धरू नका. समोरच्या इमारतीतून कोणी पाहिले तर सोसायटीत अकारण गोंधळ होतो, म्हणून पडदे लावून घ्या. मोठ्या भावंडाचा सराव चालू असताना लहान मुलांना त्या खोलीत थांबू देऊ नका.

8. वही आणि ‘कॉल’

प्रत्येक गोळी सुटल्यावर कार्डाकडे किंवा स्क्रीनकडे पाहण्यापूर्वी ती कुठे लागली असेल हे वहीत लिहा. त्याला कॉल म्हणतात. मग प्रत्यक्ष जागा लिहा. दोन्ही जुळत असतील, तर तुम्ही साइट नीट पाहत आहात आणि चूक कळते आहे. जुळत नसतील, तर गोळी सुटण्याच्या क्षणी डोळे मिटले किंवा नजर गोलाकडे गेली.

हाच खर्चाचाही ताळेबंद आहे. समजा, पाचशे पेलेटची डबी हजार रुपयांना मिळते, म्हणजे एक पेलेट दोन रुपयांना. महिन्यात सोळा वेळा सराव आणि प्रत्येक वेळी शंभर गोळ्या, तर पेलेटचे 3,200 रुपये होतात. त्याच वेळेत चाळीस गोळ्या कॉल लिहून झाडल्या आणि चाळीस वेळा कोरडा चाप दाबला, तर 1,280 रुपये लागतात. वाचलेल्या रकमेत रेंजचे शुल्क किंवा प्रवास निघू शकतो. तुमच्या डबीचा भाव घालून हे गणित स्वतः करा. पालकांनी ‘आज किती गोळ्या झाडल्या’ असे विचारण्याऐवजी ‘किती कॉल जुळले’ असे विचारावे.

9. पेलेट

स्पर्धेत सपाट डोक्याचे 4.5 मिलिमीटरचे पेलेट वापरतात. डबीवर 4.49, 4.50 असे डोक्याचे माप दिलेले असते. प्रत्येक नळीला एखादे माप अधिक मानवते, ही गोष्ट खरी आहे, पण ती तपासण्यासाठी पिस्तूल शिकंज्यात धरून लागोपाठच्या गोळ्यांचे गट पाडावे लागतात. कॉल जुळत नसताना हातात धरून पाच प्रकारच्या डब्या तपासणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पहिले सहा महिने सरावाच्या प्रतीचा एकच प्रकार वापरा आणि महागडी मॅच प्रतीची डबी स्पर्धेपूर्वीच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

पेलेट भरण्यापूर्वी मागच्या बाजूने पाहा. तो भाग पोकळ असतो आणि त्याची कड इतकी पातळ असते की नखाने दाबली तरी वाकते. कड चेपलेला पेलेट वेगळ्या वाटीत टाका, तो वार्म-अपला चालेल. पेलेट खिशात सुटे ठेवू नका आणि तोंडात तर कधीही धरू नका. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची ही खबरदारी पालकांनी स्वतः लक्ष घालून घ्यावी.

10. साइट केव्हा फिरवावी

एका गोळीवरून साइट कधीच फिरवू नका. दहा गोळ्यांचा गट पाडा, गटाचा मध्य काढा, आणि कॉल जुळलेल्या गोळ्या दहाच्या एकाच बाजूला गोळा होत असतील तरच फिरवा. मागची साइट ज्या दिशेला सरकते त्याच दिशेला पेलेट सरकतो. काही जर्मन बनावटीच्या पिस्तुलांवर स्क्रूजवळची खूण ‘गोळी इकडे लागली असेल तर असे फिरवा’ या अर्थाची असते, आणि तिथे गल्लत होते. म्हणून एकदा मुद्दाम आठ-दहा क्लिक फिरवून गट कुठे जातो ते पाहा आणि वहीत लिहून ठेवा.

11. पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा ओली असते. कागदी कार्डे फुगतात आणि त्यांवरील भोकाच्या कडा फाटतात, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून महिन्याने बदला. धातूचे बाहेरचे भाग किंचित तेलाच्या फडक्याने पुसा, परंतु सिलिंडरच्या तोंडाशी किंवा सीलजवळ साधे तेल कदापि लावू नका, कारण उच्च दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकते. हातपंपाने हवा भरत असाल तर ओलावा शोषणारा फिल्टर लागतोच, नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी साठते. हवा सावकाश भरा. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

12. पहिली स्पर्धा

जिल्हा किंवा क्लब पातळीवरून सुरुवात करा. त्यानंतर राज्य स्पर्धा येते, जी कॅप्टन एस. जे. इझिकेल यांच्या स्मरणार्थ भरवली जाते, आणि पात्रता गुण मिळाल्यास पुढे अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा. प्रवेशपत्रिका मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका.

आदल्या दिवशी पेटीत पिस्तूल, तारीख पाहिलेला आणि पूर्ण भरलेला सिलिंडर, दोन डब्या पेलेट, सेफ्टी फ्लॅग, ब्लाइंडर, मूळ ओळखपत्र, प्रवेशाची पावती आणि वही ठेवा. स्पर्धेपूर्वी साहित्य तपासणीत पिस्तुलाचे वजन आणि आकार पाहतात, आणि ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन लावून पिस्तूल उभे उचलतात. ट्रिगर बरोबर 500 वर लावलेला असेल तर प्रवासातल्या धक्क्यांनी तो खाली घसरू शकतो, म्हणून थोडा जास्त ठेवा. स्वतःच्या वेळेच्या किमान एक तास आधी पोहोचा. ट्रान्स-हार्बरने जाणार असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आहे का ते शनिवारी रात्रीच पाहून ठेवा.

तयारीच्या पंधरा मिनिटांत साइटर, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या, गोळ्या हव्या तितक्या झाडता येतात. त्यातल्या पहिल्या चार-पाच गोळ्यांत गुण पाहू नका, फक्त कॉल जुळतो का ते पाहा, आणि जुळत असेल तर उरलेल्या साइटर गोळ्या वाया न घालवता हात खाली ठेवून ‘स्टार्ट’ची वाट पाहा.